फरीदीचा विनोद का झाला?

परगावी जाणारे काही वाचक एक वेगळीच तयारी करतात. ज्या गावी जायचे, त्या गावात घडणारी एखादी गुन्हेगारी कादंबरी आधी वाचून काढतात. एडिंबराला निघालेला इयान रँकिन वाचतो, स्वीडनमधल्या इस्ताडला निघालेला हेनिंग मांकेल वाचतो. सवय वाईट नाही. पर्यटनाची पुस्तिका किल्ला आणि समुद्र दाखवते. रहस्यकथा पोलीस चौकी, चाळीचा जिना आणि शेजाऱ्याची अर्धी उघडी खिडकी दाखवते. आमचा प्रश्न एवढाच, की उद्या कोणी वसई-विरारला यायचे ठरवले, तर त्याच्या हातात मराठीतले कोणते पुस्तक द्यायचे?

हा प्रश्न अशा भूमीत पडावा, की जिचे नाव मराठी रहस्यकथेच्या बादशहाने आपल्या नावात मिरवले! चंद्रकांत सखाराम चव्हाण म्हणजेच बाबूराव अर्नाळकर. हजारावर रहस्यकथा त्यांच्या लेखणीतून उतरल्या. झुंजार आणि काळापहाड घरोघरी पोचले आणि त्यांच्याबरोबर विरारजवळच्या अर्नाळ्याचे नावही महाराष्ट्रभर गेले. पण आमच्या साहित्यव्यवहाराने त्यांना ओसरीवरच बसवले, माजघरात कधी घेतले नाही.

इतरांना बोल लावण्याआधी आम्ही स्वतःकडे पाहू. आम्ही मुसलमान लेखकांनी मराठीत काय लिहिले? गरिबी लिहिली, तलाक लिहिला, दंगली लिहिल्या. ते लिहायलाच हवे होते. पण प्रत्येक वेळी आम्ही एक तर फिर्यादीच्या पिंजऱ्यात उभे राहिलो, नाही तर आरोपीच्या. तपास करणारा मात्र कधी झालो नाही. लोकप्रिय कथा-चित्रपटांत आमचा माणूस बहुधा तस्कर असतो. फार दया आली तर नायकासाठी गोळी झेलून मरणारा रहीमचाचा.

याचा हिशेब कागदावरच राहत नाही. आम्ही भाड्याचे घर पाहायला फोन करतो, मराठी ऐकून पलीकडचा माणूस खूश होतो, मग नाव विचारतो. नाव सांगितले की ‘मालकांशी बोलून कळवतो’ म्हणतो. तो फोन पुन्हा येत नाही. त्या माणसाने आमच्याविषयी जे काही वाचले-पाहिले, त्यात आम्ही कुलूप तोडणारे होतो, कुलूप तोडणाऱ्याला शोधणारे नव्हतो.

उर्दूने हे काम केव्हाच केले होते. 1952 साली अलाहाबादेत ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली आणि इब्ने सफींचा फरीदी आमच्या मोहल्ल्यांत उशीखाली जाऊन बसला. बुद्धिमान, निर्भय, कायद्याला मानणारा. पण हीच पुस्तके हिंदीत आली, तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. मदतनीस हमीद मात्र हमीदच राहिला. मदतनीस आमचा चालतो, साहेब चालत नाही! प्रकाशकाने धंद्याचे गणित मांडले असेल. त्याची किंमत आम्ही अजून मोजतो आहोत.

कोणी म्हणेल, गुन्हेगारी कादंबरीने गावाची बदनामी होते. आमच्या मते बदनामी अर्धवट बातम्यांनी होते. कादंबरी माणसे दाखवते. नालासोपाऱ्याचेच पाहा. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर बनावट कागदपत्रांच्या आधारे 41 इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशाने त्या पाडण्याचे काम 2025च्या जानेवारीत जोरात सुरू झाले आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एक बेकायदा इमारत कोसळून 17 माणसे दगावली. इथे सुरा नाही, बुरखाधारी खुनी नाही. आहे तो शिक्का, सही आणि डोळेझाक. या गुन्ह्याचा माग काढणारी कादंबरी गावाला बदनाम करील की त्याच्या बाजूने उभी राहील?

आणि ती बाहेरच्याने लिहावी म्हणून थांबायचे का? एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने 1964 साली मुंबईचा इन्स्पेक्टर घोटे जन्माला घातला. स्वतः मुंबई पाहिली ती सुमारे दहा वर्षांनी. त्याने न पाहता लिहिले, आम्ही रोज पाहून लिहीत नाही. दोष कोणाचा?

आमचा पोलीस अधिकारी फरिश्ता असावा असे आमचे म्हणणे नाही. तो चिडेल, चुकेल, जुम्म्याची नमाज चुकवून पंचनाम्याला जाईल. संशयित त्याच्याच मोहल्ल्यातला निघाला, तर त्याची झोप उडेल. पण बेड्या तो घालील.

असे पुस्तक हातात घेऊन कोणी विरारला उतरावे, होडीने अर्नाळ्याच्या किल्ल्यात जावे, तिथल्या शहाअली-हाजीअलींच्या मजारींपाशी थांबून पुढचे प्रकरण उघडावे. ते लिहिण्याची जबाबदारी आमच्या तरुण लेखकांवर आहे. नायकाचे नाव त्यांनी बिनधास्त फरीदी ठेवावे, आणि प्रकाशक नाव बदलायला सांगू लागला तर हस्तलिखित काखोटीला मारून परत यावे.