इन्शुलिनच्या कुपीवर तो चौकोन का नाही?

पोलिओच्या डोसाची कुपी व्हॅक्सिन कॅरियरमधून बाहेर काढली की आरोग्यसेविका आधी तिच्या लेबलकडे बघते. तिथे एक जांभळट वर्तुळ असते आणि त्याच्या आत एक फिकट चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर डोस द्यायचा. दोघांचा रंग एकसारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर कुपी बाजूला काढायची. या खुणेला ना बॅटरी लागते, ना तापमापक. अंगणवाडीच्या ओट्यावर, रांगेतले बाळ रडत असताना, दोन सेकंदांत निर्णय होतो आणि तो बरोबर असतो.

आरोग्य खात्यात या खुणेला सगळे ‘व्हीव्हीएम’ म्हणतात. तिच्यामागचे रसायन साधे आहे. चौकोनात डायअ‍ॅसिटिलीन जातीचा रंगहीन पदार्थ असतो. उष्णता मिळाली की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्या साखळीला रंग येतो. ऊन वाढले की जोडणी वेगाने होते, गारव्यात ती जवळपास थांबते. पण एकदा झालेली जोडणी सुटत नाही. त्यामुळे कुपी दुपारभर जीपच्या टपावर तापली आणि संध्याकाळी पुन्हा फ्रिजमध्ये गेली, तरी दुपारचा हिशेब चौकोनात राहतो. तोंडी पोलिओ लस उष्णतेला सर्वांत हळवी, म्हणून तिची खूण ३७ अंश सेल्सिअसला दोन दिवसांत गडद होईल अशी बेतलेली असते. हेपेटायटिस-बीसारख्या दणकट लसीची खूण त्याच तापमानात तीस दिवस टिकते. प्रत्येक लस किती सोसू शकते, हे आधी प्रयोगशाळेत मोजून मगच तिची खूण ठरते.

ही खूण येण्याआधी आरोग्य केंद्रात रात्रभर वीज गेली, तर सकाळी दोनच पर्याय उरत. एक तर सगळा साठा फेकायचा, नाही तर देवावर हवाला ठेवून तोच टोचायचा. खुणेमुळे तिसरा मार्ग निघाला: जी कुपी खराब झाली तीच टाकायची. उघडलेली कुपी पुढच्या सत्रात वापरण्याची मुभा भारतातही काही लसींना मिळाली आहे. चार आठवड्यांच्या आत, स्वच्छता पाळून आणि चौकोन फिकट असेल तर. खूण नसती, तर ही मुभा देण्याचे धाडस कोणी केले नसते.

ही खूण आपोआप आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि सिएटलची ‘पाथ’ ही संस्था १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिच्या मागे लागल्या होत्या. रसायन हाती होते, छोट्या लेबलवर ते बसवता येत होते, पण लस उत्पादकांना ही कल्पना फारशी रुचत नव्हती. खूण गडद झालेली दिसली की जबाबदारीचा प्रश्न निघणार, ही धास्ती होती. कोंडी फुटली ती खरेदीदारामुळे. जगातल्या गरीब देशांसाठी लसी विकत घेणाऱ्या युनिसेफने १९९६पासून पोलिओच्या प्रत्येक कुपीवर ही खूण मागितली. १९९९मध्ये इतर लसींवरही ती हवी, असे युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्तपणे जाहीर केले. अट मोठ्या ग्राहकाची असल्याने पुरवठादारांनी ती पाळली. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला. त्याआधीच्या दीड दशकात खेड्यापाड्यांत गेलेल्या डोसांची विश्वासार्हता याच इवल्या चौकोनाने सांभाळली. मुंबईत परळच्या हाफकिनमधून जगभर गेलेल्या पोलिओ लसीवरही तो होता.

खुणेला मर्यादा आहेत, आणि त्या स्पष्टपणे सांगायला हव्यात. ती उष्णता सांगते, गोठणे सांगत नाही. पेंटाव्हॅलंट, धनुर्वात, हेपेटायटिस-बी या लसींना थंडीच जास्त मारक. गोठल्या की त्यांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराचे गठ्ठे होतात आणि लस निकामी होते. इंडोनेशियात हेपेटायटिस-बी लसीच्या वाहतुकीचा अभ्यास झाला, तो २००४मध्ये प्रसिद्ध झाला. पाहणीच्या सुरुवातीला तीनचतुर्थांश खेपांमध्ये लस वाटेत गोठणबिंदूखाली गेल्याची नोंद सापडली. उष्णतेच्या भीतीने बर्फ ठासून भरला जात होता आणि त्या बर्फानेच लस जात होती. म्हणून आता आईस पॅक फ्रीझरमधून काढून, थोडा वितळून, हलवल्यावर आत पाणी वाजले की मगच कॅरियरमध्ये ठेवायचा, असे शिकवतात. गोठलेल्या कुपीसाठी ‘शेक टेस्ट’ आहे: तशीच दुसरी कुपी मुद्दाम गोठवायची, वितळवायची, दोन्ही हलवून टेबलावर ठेवायच्या आणि कोणाचा गाळ लवकर बसतो ते बघायचे. ज्या आरोग्यसेविकेने हे एकदा डोळ्यांनी पाहिले, ती बर्फाला कुपी चिकटवून ठेवत नाही.

या खुणेने काय साधता येते, याचे पुण्याशी नाते असलेले एक उदाहरण आहे. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला मेंदूज्वराची साथ ठरावीक काळाने येत असे. तिच्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस २०१०च्या डिसेंबरमध्ये बुर्किना फासोत मोठ्या प्रमाणावर दिली जाऊ लागली. दोन वर्षांनी या लसीला ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस शीतसाखळीबाहेर ठेवण्याची अधिकृत परवानगी मिळाली. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये बेनिनमधल्या बानिकोआरा भागात दीड लाखाहून अधिक लोकांना अशी, बर्फाविना नेलेली लस टोचण्यात आली. कुपीवर उष्णतेची खूण होतीच. जोडीला ४० अंश ओलांडले की रंग बदलणारे दुसरे सूचकही पेटीत होते. पुढे चाडमधल्या मोहिमेचा हिशेब मांडला तेव्हा या पद्धतीने साठवण आणि वाहतुकीचा खर्च जवळपास निम्म्यावर येऊ शकतो असे दिसले. जिथे वीज नाही, बर्फ बनवायला यंत्र नाही, तिथे कार्यकर्ते लस खांद्यावर टाकून थेट शेवटच्या वस्तीपर्यंत गेले.

आता दुसऱ्या टोकाचे एक लेबल बघायला हवे. मोबाइल फोनच्या आत, सिम कार्डच्या खाचेत किंवा बॅटरीजवळ, एक पांढरा चिकट तुकडा असतो. पाण्याचा स्पर्श झाला की तो लाल होतो. दुरुस्तीला फोन नेला की काउंटरवरचा माणूस टॉर्च लावून आधी तिथे बघतो आणि लाल दिसले तर वॉरंटी संपली असे सांगतो. अमेरिकेत याच तुकड्यावरून ग्राहकांनी अ‍ॅपलविरुद्ध सामूहिक दावा लावला. हवेतल्या दमटपणानेही हा रंग बदलू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. २०१३मध्ये ५ कोटी ३० लाख डॉलरवर तडजोड झाली.

दोन्ही लेबले एकाच जातीची. दोन्ही घडलेली गोष्ट लपवू देत नाहीत. फरक आहे तो कोणासाठी साक्ष द्यायची याचा. एक तुकडा उपकरणाच्या पोटात असतो आणि विकणाऱ्याच्या कामी येतो. दुसरा कुपीच्या दर्शनी भागावर असतो आणि बाळाच्या आईलाही दिसतो. वस्तूचे काय झाले हे कळवणारे तंत्र आपल्याकडे आहे, स्वस्त आहे आणि सिद्ध झालेले आहे. ते ग्राहकाच्या बाजूने उभे करायचे की नाही, हा प्रश्न धोरणाचा आहे.

इन्शुलिन हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या २०२३च्या अभ्यासाने मांडला. त्यांतल्या ज्यांना इन्शुलिन घ्यावे लागते, त्यांचे रोजचे जगणे एका कुपीवर किंवा पेनवर अवलंबून असते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे, वापरात आलेले सुमारे चार आठवडे घरच्या तापमानात चालते, असे खोक्यावर लिहिलेले असते. पण ते कारखान्यातून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून तालुक्याच्या मेडिकलमध्ये आणि तिथून एसटीच्या पार्सलने गावात पोहोचेपर्यंत वाटेत काय झाले, हे खोके सांगू शकत नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. दुकानातला फ्रिज भारनियमनात किती तास बंद होता, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? घरात फ्रिज नसलेली कुटुंबे ओल्या मडक्यात कुपी ठेवतात आणि ते उपयोगी पडतेही. पण आधीच तापून आलेली कुपी मडक्यात ठेवून सुधारत नाही. साखर का वाढते आहे ते कळत नाही, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि पुढची कुपी चांगली निघाली तर तीच वाढीव मात्रा साखर धोकादायक खाली नेते.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इन्शुलिन वाटते तितके नाजूक नसते. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या तापमानाचा आधार घेऊन झालेल्या आणि २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होणाऱ्या उष्णतेतही चार आठवडे इन्शुलिनची ताकद टिकल्याचे दिसले. म्हणजे खुणेचा उपयोग खराब कुपी टाकण्यापुरता नाही. ज्या कुपीबद्दल उगाच शंका येते आणि ती फेकली जाते, तीही वाचेल. फ्रिज नसलेल्या घरातल्या माणसाला रोजच्या धास्तीतून सुटका मिळेल.

खर्चाचा आक्षेप निघेल. पण लसीवरच्या एका खुणेची किंमत अमेरिकी चलनात काही सेंटच असते. अब्जावधी कुप्यांवर ती लागली आहे. खूण चुकीचा इशारा देईल, हा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. त्यावर उत्तर एकच: प्रत्येक औषधाची खूण त्याच्या सहनशक्तीशी जुळवायची, आणि त्यासाठी ते कोणत्या तापमानात किती दिवस टिकते याची आकडेवारी कंपनीने नियामकापुढे ठेवायची. खरी अडचण कदाचित इथेच आहे. लेबलवर बदल करता येत नाहीत, हे कारण तर टिकतच नाही. १ ऑगस्ट २०२३पासून ३०० प्रमुख औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. तो कारखान्याचे नाव, बॅच आणि मुदत सांगतो. कारखान्याच्या दाराबाहेर पडल्यावर औषधाचे काय झाले, हे त्या कोडमध्ये नाही.

या खुणेवर किती विसंबले जाते, याची चुणूक कोविडच्या लसीकरणात दिसली होती. कुपीवर व्हीव्हीएम नसले तरी लस देणे थांबवू नका, असे तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांत मुद्दाम लिहावे लागले. ज्यांची नजर आधी त्या चौकोनाकडेच जायची, त्या सिस्टरांना तो नसताना काम करणे अवघड वाटले असणार.

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिन हे अशा खुणेची गरज असलेले दुसरे औषध. तेही २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि उष्णतेने हळूहळू निकामी होते. बाळंतिणीला रक्तस्राव सुरू असताना इंजेक्शन दिले आणि ते फोल ठरले, तर पुढचे उपाय करायला हाताशी फार वेळ नसतो. औषध आधीच भरलेल्या, एकदाच वापरायच्या इंजेक्शनवर उष्णतेची खूण लावून ऑक्सिटोसिनचे प्रयोग इतर देशांत झालेले आहेत. तंत्र नव्याने शोधायची गरज नाही.

सुरुवात सरकारी खरेदीपासून करता येईल, जशी युनिसेफने केली. महाराष्ट्रात २०२३च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे राहिले आहे. जिल्हा रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठीच्या इन्शुलिनच्या आणि ऑक्सिटोसिनच्या निविदेत उष्णतादर्शक खुणेची अट घालणे त्याच्या हाती आहे. पहिल्या वर्षी चंद्रपूर, गडचिरोली, अकोला, जळगाव असे तापणारे जिल्हे घ्यावेत. मार्च ते जूनचा साठा आधी. अन्न व औषध प्रशासनाने त्याच जिल्ह्यांत खाजगी दुकानांमधल्या कुप्यांची तपासणी करावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत. खूण कशी वाचायची, हे आशाताई अर्ध्या तासात गावाला शिकवतील; पोलिओच्या मोहिमांत हीच खूण त्या हाताळत आल्या आहेत.