भाड्याचे घर आणि कलम 19

केवळ घर नाही किंवा घरचे परत न्यायला तयार नाहीत एवढ्या कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 चे कलम 19 सांगते, आणि हाफवे होम (म्हणजे रुग्णालय व स्वतंत्र राहणी यांच्यामधला देखरेखीचा मुक्काम) तसेच समूहगृहे वाजवी कालावधीत उभारण्याची जबाबदारी शासनावर टाकते. हा ‘वाजवी कालावधी’ किती, हे सांगण्याचे मात्र कायद्याने सोयीस्करपणे टाळले आहे. चेन्नईत 1993 मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी स्थापन केलेल्या ‘द बॅनियन’ या संस्थेचा ‘होम अगेन’ हा उपक्रम या पार्श्वभूमीवर अभ्यासण्याजोगा ठरतो. दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या चार-पाच व्यक्ती त्यात सर्वसामान्य वस्तीतल्या भाड्याच्या घरात एकत्र राहतात, आणि आज भाजी कोणती आणायची, दिवा कधी मालवायचा, शेजारच्या बारशाला जायचे की नाही, असे संस्थेत वर्षानुवर्षे दुसऱ्यांनी घेतलेले निर्णय पुन्हा त्यांच्या हाती येतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या मार्गदर्शिकेत या उपक्रमाची नोंद घेतली, हे उचितच झाले. परंतु त्याचा खरा भार वाहणारे सहायक बहुधा वैद्यकीय पदवी नसलेले, प्रशिक्षण देऊन तयार केलेले असतात, आणि औषधाच्या वेळा सांभाळण्याइतकाच घरमालकाची समजूत घालणे हाही त्यांच्या कामाचाच भाग असतो.