विश्लेषण : इंजिन नवे बांधले, तरी जुन्या येझदीचा गिअर का सटकतो?

भंडारा जिल्ह्याला गिअर नवा नाही. गडेगावच्या अशोक लेलँड कारखान्यात १९८०च्या दशकापासून ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. कारखान्यात मापाशिवाय पान हलत नाही. मात्र घरची जुनी जावा, येझदी किंवा राजदूत गॅरेजात खोलली की माप संपते आणि अंदाज सुरू होतो. पिस्टन, बेअरिंग, क्रोम यांवर खर्च होतो. महिनाभरात दुसरा गिअर सटकू लागतो. खापर ‘डुप्लिकेट’ गिअरवर फुटते. अनेकदा खरे कारण असते न मोजलेला एंड प्ले.

एंड प्ले म्हणजे काय?

गिअरचा शाफ्ट दोन टोकांच्या आधारांमध्ये डावी-उजवीकडे जितका सरकतो, ती मोकळीक. मेकॅनिक तिला नुसते ‘प्ले’ म्हणतात. तो जास्त असेल तर गिअरच्या बाजूचे डॉग एकमेकांत अर्धवटच अडकतात, त्यांच्या कडा झिजून गोल होतात आणि भार पडताच गिअर न्यूट्रलला येतो. फारच कमी असेल तर बाजूचे पृष्ठभाग घासतात, मध्ये तेल टिकत नाही, शाफ्ट जड फिरतो. बऱ्याच जुन्या दुचाकींत ही मोकळीक ०.१ ते ०.३ मिमीच्या आसपास असते; अंतिम आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच धरावा.

‘तापल्यावर जाम होईल, म्हणून ढिले ठेवा’ हा गॅरेजमधला आवडता सल्ला. ॲल्युमिनियमच्या केसमध्ये तो बहुधा उलटा ठरतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. केस आणि शाफ्ट दोन्ही ६० अंशांनी तापले, तर १०० मिमी अंतरामागे मोकळीक सुमारे ०.०६ मिमीने वाढते. म्हणजे थंडीतला ढिलेपणा मे महिन्यातल्या भंडाऱ्यात आणखी वाढणार.

मोजायचे कसे?

केसच्या दोन भागांत पॅकिंग असेल तर जे शेवटी बसणार तेच लावून, बोल्ट पूर्ण आवळून. शाफ्ट एका बाजूला दाबायचा, दुसऱ्या टोकाला डायल गेज शून्यावर आणायचा आणि शाफ्ट ओढायचा. टोक बाहेर दिसत नसेल तर दोन्ही केसची खोली व शाफ्टची लांबी व्हर्नियरने मोजून, दाबलेल्या पॅकिंगची जाडी धरून वजाबाकी करता येते. मग हव्या जाडीचे शिम वॉशर. ते कोणत्या बाजूला टाकले, हेही तितकेच महत्त्वाचे. एकूण प्ले बरोबर आला, पण शाफ्ट एकीकडे सरकला, तर गिअर फोर्कच्या रेषेत राहत नाहीत आणि तक्रार तशीच राहते. इथेच चांगले मेकॅनिकही फसतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आजच्या नव्या जावा-येझदीचे गिअर जुन्या इंजिनात बसत नाहीत. मूळ गिअरचे डॉग एकदा गोल झाले की भंगारात शोध घेणे आले.

डायल गेज ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. आयटीआयच्या फिटरला ती शिकवली जाते. अडते ते वेळेपाशी. केस लावा, मोजा, खोला, शिम बदला, पुन्हा लावा : यात अर्धा दिवस जातो आणि त्याची मजुरी द्यायला गाडीमालक कुरकुरतात, तेही टाकीच्या रंगावर सढळ हाताने खर्च करून. ही मजुरी त्यांनी द्यावी आणि बिलावर प्लेचा आकडा लिहून मागावा.