वस्त्राच्या कांठावरचें गांव

मनुष्य कोणत्या प्रांतींचा हें त्याच्या बोलीवरून कळतें, तसेंच कित्येकदां त्याच्या वस्त्रावरूनही कळतें. थायलंड देशांत याचें सुरेख उदाहरण आढळतें. राष्ट्राचें ऐक्य साधावयाचें तर प्रांतोप्रांतींच्या खुणा पुसल्याच पाहिजेत, असें मानणाऱ्यांनीं त्याचा अवश्य विचार करावा, असें आम्हांस वाटतें.

तेथील स्त्रिया कमरेस जें वस्त्र नेसतात त्यास 'फा सिन' म्हणतात. त्याचे शिर, अंग व पाय असे तीन भाग मानितात. उत्तरेकडील मे चेम येथें पायाकडचा कांठ 'तीन चोक' पद्धतीनें विणतात. म्हणजे साळिंदराच्या कांट्यानें ताण्याचे धागे उचलून रंगीत धागे जागच्या जागीं भरतात. सुखोथाई प्रांतांतील हात सियाव गांवचे थाय फुआन लोकही असाच कांठ विणतात. पण त्यांची नक्षी त्यांची स्वतःची. नान प्रांतांतील थाय लू लोकांच्या 'नाम लाय' नक्षींत वाहतें पाणी दिसतें. ईशान्येकडे 'मातमी' रेशमाचे धागे विणण्यापूर्वींच बांधून रंगवितात. पाटणचा पटोळा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ही युक्ति ओळखीची वाटेल. काळासिन प्रांतांतील फू थाय लोकांच्या 'फ्रे वा' उपरण्यावर तर नक्षींच्या ओळींमागून ओळी असतात.

१९३९ सालीं या देशाचें सयाम हें नांव जाऊन थायलंड हें नांव आलें. त्याच वर्षीं पंतप्रधान फिबुनसोंगक्राम यांच्या सरकारानें आज्ञा काढिली कीं, उत्तरेचे थाय, दक्षिणेचे थाय असे भेद बोलण्यांत नसावेत. सर्वांस केवळ 'थाय' म्हणावें. १९४१ सालीं सभ्य पोषाख कोणता हेंही हुकुमानें ठरविलें. हेतु ऐक्याचा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु खेड्यांतील विणकरणींनीं आपली नक्षी सोडिली नाहीं, आणि पुढें राष्ट्रासच तिचा अभिमान वाटूं लागला. १९७६ सालीं तत्कालीन राणी सिरिकित यांनीं ग्रामीण हस्तव्यवसायांच्या साह्यार्थ संस्था स्थापिली. २०१२ सालीं बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारांत वस्त्रसंग्रहालय उघडलें. लाम्फूनच्या उठावदार विणीच्या रेशमाची नोंद तर आपल्या भारतांतील भौगोलिक संकेतांच्या नोंदवहींतही झाली आहे.

आतां संकट आहे तें स्वस्ताईचें. हीच नक्षी यंत्रानें छापलेल्या कापडावर थोड्या पैशांत मिळते. गरिबासही सुंदर वस्त्र मिळालें तर बिघडलें कोठें, असें कोणी विचारील. कांहींच बिघडलें नाहीं. मात्र छापील कापड हातविणीचें म्हणून विकणें ही लबाडी होय, आणि तिची झळ विणकरणीच्या पोटास लागते. मागावर पोट भरत नाहीं असें दिसलें म्हणजे मुलगी आईपासून ही विद्या शिकत नाहीं. मग नक्षी कापडावर राहते, पण ती घालणारे हात गांवांत राहत नाहींत.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, हातविणीचें वस्त्र घेतांना तें कोठलें व कोणीं विणलें याची चौकशी मुलांदेखत करावी, आणि श्रमाचें मोल देतांना फार घासाघीस करूं नये. विद्यार्थ्यांनींही लक्षांत ठेवावें कीं, शेजाऱ्याचा कांठ आपल्याहून निराळा असला म्हणून तो परका ठरत नाहीं.