चार पैसे आणि आठ प्लग

'चार पैसे टाकले की होतं' हे वाक्य मराठी मध्यमवर्गात प्रथम कोणी उच्चारलं याचा शोध अजून कोणी लावलेला नाही; पण आमच्या घरात ते रोज कोणी ना कोणी उच्चारतं, याला मी साक्षीदार आहे. नळ गळतोय, चार पैसे टाकले की होतं. इस्त्रीची वायर जळली, चार पैसे टाकले की होतं. गंमत म्हणजे प्रत्यक्ष ते चार पैसे टाकायची वेळ आली, की हाच माणूस तीनवर अडून बसतो आणि वर 'लुटतात हो हे लोक' म्हणतो.

माझा या वाक्यावर राग आहे. तो जुनाच आहे, पण 2018 साली मी दीड महिना टेक्सासला पुतण्याकडे राहून आलो, तेव्हापासून त्याने उचल खाल्ली आहे.

पुतण्याने तिथे पिकअप ट्रक घेतला होता. ही बातमी फोनवरून आली तेव्हा आमच्या वहिनी दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "एवढा इंजिनिअर झालास, आणि शेवटी टेम्पोच चालवायचा होता, तर इथे मंडई काय वाईट होती?" असं त्यांनी त्याला विचारलं. तिकडे डॉक्टरसुद्धा पिकअप चालवतात, हे त्यांना अजून पटलेलं नाही. मलाही तो ट्रक बघून पहिल्यांदा मागे कोबी शोधावासा वाटला. माझ्या मुक्कामात त्या हौद्यातून वाहिलेला सर्वांत जड माल म्हणजे तांदळाच्या दोन गोणी आणि मंडळाच्या गणपतीचं मखर.

तर हा ट्रक एके दिवशी मिसिंग करायला लागला. सिग्नलला उभा राहिला की उचकी लागल्यासारखा हिसके द्यायचा. पुतण्याने गॅरेजला फोन केला. आठ सिलिंडर, म्हणून आठ प्लग. ते बदलायचे साडेसहाशे डॉलर सांगितले. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि खुर्चीत बसलो. पुतण्या मात्र शांतपणे म्हणाला, "काका, शनिवारी सकाळी मीच करतो."

इथे मला हसू आवरेना. कारण हा मुलगा मी पाळण्यापासून ओळखतो. पुण्यात असताना सायकलमध्ये हवा भरायलासुद्धा हा दुसऱ्याला पाठवायचा. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला डिस्टिंक्शन मिळवलं. पण वर्कशॉपचा फायलिंगचा जॉब याने कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या मदतनिसाकडून घासून घेतला होता. का, तर चार पैसे टाकले की होतं! इंजिनवर बत्तीस मार्कांचं उत्तर लिहिणारा आणि इंजिनला कधीही हात न लावलेला हा आमच्या खानदानातला एकटाच नव्हे. आपल्याकडे असे दरवर्षी कारखान्याने निघतात.

पण शनिवारी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या त्या इंजिनावर तो खरोखर ओणवा झाला. (इंजिन थंडच हवं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आणि गरम असताना प्लग फिरवला तर आटे उतरून हातात येण्याची भीती.) आधी त्याने वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. हे झाकण हल्ली सगळ्याच गाड्यांना असतं, आणि माझ्या मते त्याचा खरा उपयोग मालकाला घाबरवणं हाच आहे. खाली प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एकेक कॉइल. एक स्क्रू काढला की कॉइल वर. मग खड्ड्यात साचलेली धूळ हवा मारून उडवली, कारण प्लग निघाल्यावर ती थेट सिलिंडरमध्ये जाते. मग लांब दांड्याचा प्लगपाना. आठही प्लग त्याने ओळीने वर्तमानपत्रावर मांडले आणि प्रत्येकापुढे सिलिंडरचा नंबर लिहिला.

ते प्लग बघून मी पुढे सरसावलो. इतका वेळ मी नुसता चहाचा कप धरून उभा होतो. पण प्लगची भाषा मला येते. टोक फिक्या कॉफीच्या रंगाचं असेल तर तब्येत ठणठणीत. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलं आणि तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय. पांढराफटक म्हणजे गरमी. सात प्लग कॉफीच्या रंगाचे, पण झिजलेले. मधली फट वाढलेली. पाचव्या नंबरच्या चिनीमातीला बारीक तडा. म्हणजे उचकी हीच. हमरस्त्यावर इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर एकेक प्लग मिनिटाला हजार ठिणग्या पाडतो. एवढी चाकरी केल्यावर माणसालाही तडा जातो.

ही विद्या मला कुठून आली? नंबर लावून सात वर्षांनी मिळालेल्या स्कूटरपासून. त्या काळी स्कूटर सुरू करायची म्हणजे आधी तिला मायेने एका अंगावर कलती करायची, मग किका मारायच्या, मग शेजाऱ्यांनी गॅलरीतून सल्ले द्यायचे, आणि शेवटी उजव्या बाजूचं झाकण काढून प्लग घासायचा. फट मोजायला आम्ही हॅकसॉचं पातं घालून बघत असू. जेमतेम गेलं की झालं. 1983 साली एका रविवारी मी पुरुषार्थाच्या भरात नवा प्लग थेट पान्याने आवळला. तिरका बसला होता. मी जोर वाढवला. जगातली बहुतेक नुकसानं 'जोर वाढवला' या दोन शब्दांनंतर होतात. हेडचे आटे गेले.

स्कूटर ढकलत कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने हेड उतरवलं, आटे नव्याने पाडून आणले, आणि प्लग माझ्या हातात देऊन म्हणाला, "साहेब, पाना नंतर. आधी बोटानं. बोटाला कळतं, पान्याला कळत नाही." सहावी नापास माणसाने मला दिलेलं हे शिक्षण. मी बी. कॉम. आहे; तिथे मला असलं काही कोणी सांगितल्याचं आठवत नाही.

टेक्सासमध्ये तेच वाक्य मी पुतण्याला ऐकवलं. पण प्लगचा खड्डा खोल, बोट पोचेना. त्याने रबरी नळीचा तुकडा प्लगच्या मागच्या टोकाला खोचला आणि नळी हलक्या हाताने फिरवली. तिरका बसला तर नळी नुसती घसरते, आटा मोडत नाही. रबरी नळीलाही बोटाइतकं कळतं, हे त्या दिवशी समजलं. दुपारी बारा वाजता ट्रक सुरू झाला. उचकी गेली. पुतण्याचे हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहऱ्यावर जो आनंद होता तो त्याच्या पदवीदान समारंभाच्या फोटोत नाही.

आता कोणी म्हणेल, तिकडे मजुरी महाग म्हणून करतात, त्यात कसलं कौतुक? माझं म्हणणं नेमकं हेच आहे. तिकडे दुसऱ्याच्या हातांना किंमत आहे, म्हणून स्वतःचे वापरावे लागतात. आपल्याकडे दुसऱ्याचे हात स्वस्त, म्हणून आपले गोरे. 'हात काळे' हा शब्दप्रयोग आपण कोणत्या अर्थाने वापरतो बघा! 1937 साली गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवून मुलांना हाताच्या कामातून शिकवा म्हणून सांगितलं. आपण त्याचं पुढे काय केलं? 'कार्यानुभव' नावाचा एक तास. त्यात मुलांनी क्रेप कागदाची फुलं करायची. ती आदल्या रात्री आई करते. खंडेनवमीला आपण घरातल्या पक्कड-पान्यांना हळदकुंकू वाहतो आणि पुन्हा वर्षभर माळ्यावर ठेवतो. ज्या वस्तूला हात लावायचा नाही तिची पूजा करणं, ही आपली जुनी सोय आहे. माणसांच्या बाबतीत तर आपण पूजेचाही त्रास घेत नाही.

दुसरा आक्षेप मोठा सोज्वळ असतो: "अहो, आपणच सगळं केलं तर त्या गरीब मेकॅनिकच्या पोटावर पाय नाही का?" हा कळवळा घासाघीस करताना कुठे जातो? ज्याने एकदा स्वतः आटे घालवलेत, तो त्या माणसाशी दहा रुपयांवरून हुज्जत घालत नाही. घालतो तो, ज्याला वाटतं की 'त्यात काय, नुसता प्लग तर साफ केला!'

तिसरा आक्षेप माझ्या नातवाचा. "आजोबा, आता प्लगच राहणार नाहीत." खरं आहे. 2020 साली चेतकसुद्धा विजेवर आली. तिला प्लग नाही, काजळी नाही, कलती करणं नाही. पण नातवाच्या त्या बिनप्लगच्या स्कूटरचा आरसा गेले तीन आठवडे सैल होऊन आभाळ दाखवतो आहे. एक नट आवळायचा आहे. मी पाना काढून दिला. तो मोबाइलवरून डोकं वर न करता म्हणाला... काय म्हणाला ते तुम्हाला माहीत आहे.

टेक्सासहून परतल्यावर मी माझी जुनी स्कूटर काढली. दीड महिना उभी, सुरू होईना. मला आता ओणवं होता येत नाही, म्हणून कोपऱ्यावर नेली. तिथे आता त्या मेकॅनिकचा मुलगा बसतो. त्याने प्लग काढला, घासला, फट बघितली, आणि बोटाने (मी नीट लक्ष ठेवून होतो) बसवला. "तीस रुपये, काका." मी शंभराची नोट दिली आणि बाकीचे राहू दे म्हणालो.

तो पोरगा नोट हातात धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग जरा काळजीच्या सुरात म्हणाला, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?"