‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

16 जुलै 2021 रोजी दुपारी राज्य मंडळाचा दहावीचा निकाल जाहीर झाला आणि संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. कर्जत तालुक्यातल्या कळंबला काय किंवा पुण्याला काय, स्पष्टीकरण एकच मिळाले असणार: ‘सर्व्हर डाऊन आहे.’ भाषेच्या अभ्यासकांनी या वाक्यावर संशय घ्यावा, असे आम्हांस वाटते.

अशा ठिकाणी दारात लोड बॅलन्सर असतो, आलेली गर्दी मागच्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारा. 502 म्हणजे मागून आलेले उत्तर अग्राह्य होते. 504 म्हणजे ते वेळेत आलेच नाही. 503 म्हणजे सेवा तूर्त उपलब्ध नाही. तीन निराळी विधाने आपण एका शब्दात गुंडाळतो. बॅलन्सर अधूनमधून सर्व्हरांची खुशाली विचारतो. ते ‘ठीक’ म्हणतात, पण त्यांच्यामागचा एकुलता डेटाबेस गुदमरलेला असू शकतो. मग सर्व्हर कितीही वाढवा. (कचेरीत खिडक्या दहा, सही करणारा एक!) वास्तविक जाहीर झालेला निकाल मिनिटामिनिटाला बदलत नाही, तो तयार पानांच्या रूपात आधीच ठेवता येतो. ते न करता ‘लोड आला’ म्हणणे हा मुलांच्या उत्सुकतेवर ठेवलेला ठपका आहे. मूल बिचारे रिफ्रेश दाबत राहते, आणि प्रत्येक वेळी रांगेत आणखी एक विनंती येऊन उभी राहते.