जीपचा दिवा आणि पायी गस्त

मार्च २०२१ मध्ये बेलापुरातील एका व्यापाऱ्याचे अपहरण झाले आणि काही दिवसांनी त्यांचा मृतदेहच हाती लागला. अशा प्रसंगानंतर प्रत्येक गावाची मागणी एकच असते : गस्त वाढवा. दोन शिपाई बाजारपेठेतून फिरत असते तर तो खून टळला असता, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. तथापि गस्त वाढवायची म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार व्हावयास हवा.

आपल्याकडे गस्त म्हणजे बहुधा जीपची एक फेरी. तिचा दिवा दुरून दिसतो, चोर बाजूला होतो आणि जीप गेली की कामाला लागतो! अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९७२-७३ साली पोलीस गाड्यांची फिरती काही भागांत दुपटी-तिपटीने वाढविली, काही भागांत थांबविली. गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात सर्वाधिक हिंसाचाराच्या ६० जागी शिपाई पायी फिरले, तेव्हा तुलनेच्या भागांपेक्षा हिंसक गुन्हे सुमारे २३ टक्क्यांनी घटले. गस्त उठली आणि गुणही ओसरला. न्यूअर्क शहरात तर पायी गस्तीने गुन्हे घटले नाहीत, केवळ लोकांची भीती कमी झाली. पण रात्री एकट्याने दुकान बंद करणाऱ्याला तेही थोडे नव्हे.

म्हणजे नुसते चालणे पुरेसे नाही. कोठे चालायचे आणि किती दिवस, यावर सारे अवलंबून आहे. बेलापूरची पेठ, प्रवरेचा काठ, श्रीरामपूरचा रस्ता यांपैकी कोणती जागा कोणत्या वेळी धोक्याची, हे ठाण्यातील नोंदींइतकेच गावालाही ठाऊक असते. १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील दिला आहे. गावात नवखा कोण, हे तो सांगू शकतो. पण ते ऐकून घेण्यास रोज तोच शिपाई यावा लागतो. आज एक, उद्या दुसरा, परवा तिसरा शिर्डीच्या बंदोबस्तावर गेलेला, अशा स्थितीत ओळख जमणार कशी? मग वहीवरची सही असो की मोबाईलवरची नोंद, गस्त कागदावर पूर्ण होते.

बेलापूरसाठी दोन शिपाई किमान वर्षभर कायम ठेवावेत, त्यांना अन्य बंदोबस्तातून वगळावे, आणि महिन्यात किती रात्री ते प्रत्यक्ष पायी फिरले याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा, एवढी मागणी गावकऱ्यांनी करण्यास हरकत नाही.